पाऊण मापाचं घर

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द हाताच्या सवयीने लिहिला गेला. खरं म्हणजे आमच्या बाहेरच्या खोलीत माणूस पूर्ण आडवा होत नाही, डोकं सोफ्याला लागतं नाहीतर पाय दाराला. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं मावतील तेवढ्यांचा नमस्कार घ्यावा आणि उरलेली मनाने घातली असं समजावं.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? गुडघा दुखत असला तर अजिबात अंगावर काढू नका, मामा. प्रवास तर मुळीच करू नका. गुडघ्याला प्रवासासारखा दुसरा वैरी नाही असं आमच्या दुकानात येणारे एक डॉक्टर परवाच सांगत होते. (ते दातांचे आहेत, पण शेवटी डॉक्टर तो डॉक्टर.)

पत्र बघून तुम्ही म्हणाल, हा गडी फोन का करत नाही, हात मोडले की तोंड शिवलं? मामा, घरून फोन करायची सोय राहिलेली नाही. आमच्या भिंती अशा आहेत की शेजारचा शिंकला की आमची ही रुमाल शोधते. शिवाय दारात स्टुलावर सरकारी घरखात्याच्या बाई बसलेल्या असतात. म्हणून हे पत्र मी दुकानाच्या माळ्यावर, बुटांच्या खोक्यांवर बसून लिहितोय. खाली मालक आहेत, ते हाका मारतायत, मी दहा नंबरची काळी जोडी शोधतोय असं त्यांना वाटतंय. (ती माझ्या मांडीखालीच आहे.)

तुमचा निरोप मिळाला. येत्या रविवारी तुम्ही आमचं घर बघायला येणार, सगळीकडे नीट बसून-लोळून बघणार आणि पटलं की सोमवारी तुमच्या स्वतःच्या घराच्या कागदावर सही करून भाड्याची जागा सोडून देणार. निरोप ऐकल्यापासून मी दुकानात डाव्या पायाचे दोन बूट एकाच खोक्यात घालतोय. तुम्ही येणार म्हणून आनंदच आहे, गैरसमज नको. पण येऊ नका. का येऊ नका ते मी पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमच्याच लक्षात येईल आणि मला तोंडाने सांगावं लागणार नाही.

तुम्हाला आमची जुनी खोली माहीत आहे. घरमालक जिना चढायला लागला की आम्ही तिघं श्वास धरून बसायचो, कारण तो वर आला की भाडं वर जायचं. अशात सरकारने ती सगळ्यांना परवडणाऱ्या घरांची योजना काढली. सोडत झाली, तुमचा नंबर लागला, आमचा लागला नाही. (तेव्हा मी तुमचं तोंड भरून अभिनंदन केलं होतं. घरी येऊन जेवलो नव्हतो, पण ते जाऊ द्या.) पण झालं काय, की इमारती उभ्या राहिल्या आणि लोक सह्या करेनात. कागदावरचा नकाशा बघून जो तो म्हणे, एवढ्यात माणूस राहील कसा? मग खात्याने एक घर सजवून ठेवलं, नमुना म्हणून. लोक आले, बघून गेले, म्हणाले, छान आहे, पण यात कुणी राहून दाखवा. तेव्हा खात्याने ठरवलं की दाखवूच. आणि ज्यांचा नंबर हुकला होता त्यांच्यातून एक नमुना कुटुंब निवडायला घेतलं. अट साधी होती. एक वर्ष त्या घरात राहायचं, दिवसभर लोक बघायला येतील, त्यांना हसतमुखाने बघू द्यायचं, सामान हलवायचं नाही, बदलायचं नाही, आणि वर्षभरात एकही तक्रार आली नाही तर घर कायमचं तुमच्या नावावर.

मुलाखतीला आम्ही तिघं गेलो. समोर तीन साहेब. त्यांनी मला उत्पन्न विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. नुसते उभे राहा म्हणाले. आम्ही उभे राहिलो. मग तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मधले साहेब अगदी प्रसन्न होऊन म्हणाले, वा, काय आटोपशीर कुटुंब आहे! मामा, आम्ही केवढे फुशारलो! हिने तर माहेरी सगळ्यांना कळवलं की आमच्या वागण्याची सरकारदरबारी वाखाणणी झाली. वागण्याची कसली डोंबलाची! आम्ही बुटके आहोत, एवढंच त्यांनी बघितलं होतं. मी हा असा, ही माझ्या खांद्याला, आणि आमची पोर चिमणी तेव्हा खरोखरच चिमणी होती.

राहायला गेलो त्या दुपारी पहिला झटका बसला. सामान हलवायचं नाही अशी अट होती, पण गादी आपली चालेल म्हणाले. आम्ही आपली गादी खात्याच्या पलंगावर टाकली तर ती तिन्ही बाजूंनी खाली लोंबायला लागली. आम्हाला वाटलं, आपलीच गादी अवाढव्य. मग ताटं मांडणीत जाईनात. वाटलं, आपलीच ताटं परातीएवढी आहेत. कपाटात शर्ट अडकवला तर हँगर तिरपा होऊन बसला आणि दार लागेना. ही बिचारी रडवेली होऊन म्हणाली, आपण भाड्याच्या खोलीत राहून इतके कसे हो पसरलो? आणि मी तिला काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, वापरून सैल होईल. मामा, वीस वर्षं मी चपला-बूट विकतोय. पायाला लागणारा बूट गिऱ्हाईक परत ठेवायला लागलं की माझ्या तोंडून आपोआप तेच वाक्य निघतं. पायातल्या बुटाला ते लागू आहे की भिंतीला, याचा विचार करायला माझं तोंड थांबत नाही.

शेवटी एकदा दुकानातली पायाचं माप घ्यायची पट्टी खिशात घालून घरी नेली आणि पलंग मोजला. मग खुर्ची मोजली, टेबल मोजलं, कपाट मोजलं. मामा, सगळं पाऊण मापाचं आहे! जग चार हातांचं करतं तिथे यांनी तीन हातांचं केलंय. असं बेताने, असं प्रमाणात, की खोलीत उभं राहून बघणाऱ्याला वाटावं, अरे, जागाच जागा आहे. बाईंना मी दबकत दबकत विचारलं. त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या, सुटसुटीत म्हणायचं. आणि मग तेवढंच गोड हसून म्हणाल्या, तुम्हाला काही तक्रार आहे का? माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, छे छे, तक्रार कसली, घर कसं पायात बसल्यासारखं बसलंय. तेव्हापासून हे गुपित मी, ही आणि पलंग, तिघांतच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ इतके महिने झाकून ठेवली की बोटांना मुंग्या येतात हो.

आणि भेटायला येणारे लोक! सकाळी दार उघडलं की रांग. आम्ही चहा पितोय तर चौघंजण आमच्या कपात डोकावतायत. एका गृहस्थाने मला पुतळा समजून माझी हनुवटी उचलून बघितली आणि बायकोला म्हणाले, हुबेहूब केलाय. (मी हललो नाही. हललो असतो तर ते दचकले असते, दचकले असते तर तक्रार झाली असती.) एका बाईंनी हिला विचारलं, तुम्ही घराबरोबर येता का? बाथरूमची तर गोष्टच काढू नका. आत असलो की मी गाणं म्हणत राहतो, कारण कडी पाऊण मापाची असल्यामुळे नीट बसत नाही. उंच माणूस रांगेत दिसला की बाई त्याला उंबऱ्यातूनच घर दाखवतात, आत फरशी ओली आहे म्हणून. तरी एकदा एक नवं जोडपं घुसलंच. नवरामुलगा चांगला ताडमाड. तो खुर्चीवर टेकला मात्र, काडकन आवाज झाला आणि गडी जमिनीवर! माझं धाबं दणाणलं. मी धावत जाऊन त्याचे पायच धरले (सवय) आणि म्हटलं, साहेब, माझी चूक, सकाळीच मी स्क्रू ढिला करून ठेवला होता. तो म्हणाला, का? म्हटलं, विरंगुळा म्हणून. ते जोडपं माझ्याकडे बघत बघत मागे सरकत निघून गेलं, पण तक्रार झाली नाही. आणि मामा, त्याच आठवड्यात त्यांनी घराच्या कागदावर सही केली. बाईंनी मला पेढा द्यावा तशा आनंदाने ही बातमी सांगितली. मला त्या दिवशी घास उतरला नाही. तो ताडमाड गडी आपला पलंग घेऊन वर येईल, पलंग आत ठेवेल आणि मग त्याला कळेल की आता आपण पलंगावर चढायचं कुठून. तेव्हा त्याला आठवेल तो विरंगुळ्याला स्क्रू ढिले करणारा माणूस. आणि मी तर त्याच्या खालच्याच मजल्यावर असणार.

तरी इथवर मी सगळं निभावून नेलं असतं. पण आता खरं संकट सांगतो. चिमणी वाढतेय. वाढतेय म्हणजे मामा, ताडासारखी वाढतेय. आमच्या दोघांच्या घराण्यात शोधून सापडणार नाही अशी वाढ. ती थेट तुमच्यावर गेलीय. मला सगळ्यांच्या आधी कळलं. पोरांचे पाय आधी वाढतात आणि उंची मागाहून येते, हे आमच्या धंद्यातलं पहिलं ज्ञान. उन्हाळ्यात तिला नवीन बूट दिले, ते दोन महिन्यांत चावायला लागले. पुढचा नंबर दिला, तोही चावायला लागला. दुसऱ्या कुठल्या बापाने अशा वेळी पोरीचं कौतुक केलं असतं. मी तिचा पाय हातात धरून बसलो आणि वर्ष संपायला उरलेले महिने मोजत राहिलो. आता पलंगावर ती तिरपी झोपते आणि पायाखाली स्टूल घेते. ओट्यावरच्या कपाटाला तिचं डोकं लागतं म्हणून मान कलती ठेवून चालते. लोक आले की मी तिला हळूच म्हणतो, बस गं, उभी राहू नकोस. ही चिमणीला पूर्वी भांडं भरून दूध द्यायची, परवा मी बघितलं, देताना हिचा हात थांबला. मग माझ्याकडे बघून हिने रागाने भांडं काठोकाठ भरलं.

वर्ष पुरं व्हायला अजून दोन महिने आहेत. दोन महिने पोर जिथल्या तिथे राहिली तर घर आपलं. जुनी खोली तर केव्हाच गेली. घरमालकाने तिथे दुसरं बिऱ्हाड दुप्पट भाड्याने ठेवलंय. म्हणजे इथून निघालो तर रस्ता. आणि या रविवारी खात्याचे सगळ्यात मोठे साहेब येणार आहेत, फोटोवाल्यांना घेऊन. आमच्या टेबलाभोवती आम्हाला बसवून फोटो काढायचा आणि अशीच आणखी हजारो घरं बांधणार म्हणून जाहीर करायचं. बाईंनी सुचवलंय की चिमणीला त्या दिवशी तिच्या मावशीकडे पाठवलं तर फोटो जास्त मोकळा येईल.

आता सांगा मामा, अशा रविवारी तुम्ही येणार? तुम्ही, ज्यांना दारातून आत शिरायला वाकताना मी लहानपणापासून बघितलंय? जन्मभर ट्रकच्या केबिनमध्ये अंगाची घडी करून झोपलेले, आणि गाडी सोडली त्या दिवशी सुताराला बोलावून, आता मेलो तरी पाय दुमडणार नाही म्हणत ती लांबच्या लांब खाट करून घेतलेले तुम्ही? तुम्ही आमच्या पलंगावर आडवे व्हाल, गुडघ्यापासून खालचे पाय हवेत राहतील, आणि तुमच्या त्या घाटात घुमणाऱ्या आवाजात तुम्ही जे काही म्हणाल ते मोठे साहेब ऐकतील, फोटोवाले ऐकतील, भिंती बघता सातवा मजलाही ऐकेल. तेव्हा पाया पडतो (जेवढं पडता येईल तेवढं), येऊ नका. गुडघा दुखतोय म्हणा. नसेल दुखत तर दुखवा.

मामींना नमस्कार. चिमणी तुमची आठवण काढते. मी बरा आहे, फक्त झोप, भूक आणि धीर एवढ्या तीन गोष्टी तेवढ्या नाहीत.

तुमचा भित्रा भाचा

ता. क. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. नको म्हटलं की तुम्ही पहिल्या गाडीने निघता. तेव्हा आलातच तर एवढं पाळा: बसू नका, झोपू नका, हात वर करून आळस देऊ नका, कपाट उघडू नका, दीर्घ श्वास घेऊ नका. कुणी विचारलं तर तुम्ही नळ दुरुस्त करायला आलाय आणि निघालाय.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पण टाकायच्या आधी घरी गेलो, आणि आता पाकीट फोडून पुढचं लिहितोय. संध्याकाळी लोक गेल्यावर चिमणी मला म्हणाली, बाबा, गंमत बघा. आणि टेबलामागे जाऊन उभी राहिली. उंचीला अगदी वर्षापूर्वीची चिमणी! मी बघतच राहिलो. मग कळलं, तिने लांब परकर घातला होता आणि आत गुडघे वाकवून उभी होती. आठवडाभर शाळेतून आल्यावर त्याचा सराव करत होती म्हणे. पाय थरथरत होते, पण तोंडावर केवढा अभिमान! म्हणाली, मला मावशीकडे नका ना पाठवू, फोटो निघेपर्यंत मी अशी राहू शकते, कुणाला काही कळणार नाही. आणि मग विचारलं, बाबा, वाढायचं कितव्या वर्षी थांबतं हो?

मामा, मी गिऱ्हाइकांपुढे कधी निरुत्तर झालो नाही. वापरून सैल होईल हे वाक्य जिभेवर आलं, आणि बाहेर येईना. मी तिथेच त्या पाऊण खुर्चीवर बसलो. ही दारात उभी होती. तिने चिमणीच्या पाठीवर एक धपाटा घातला, म्हणाली, सरळ उभी राहा आधी. मग मला म्हणाली, मामांना पत्र टाकलंत? म्हटलं, टाकतोय. म्हणाली, त्यांना खाट घेऊन यायला सांगा.

तिसरा ता. क. तर मामा, या. रविवारीच या आणि तुमची ती खाट घेऊन या. साहेब दहाला येणार आहेत, तुम्ही साडेनऊला या. आतल्या खोलीत खाट टाकू, तुम्ही तिच्यावर पाय लांब करून झोपा, आणि चिमणी तुमच्या उशाशी सरळ उभी राहील. साहेबांना काय बघायचं ते बघू दे, फोटोवाल्यांना काय काढायचं ते काढू दे. खाट टाकली की दार लागणार नाही, मी पायाच्या पट्टीने खोली मोजलीय. तो ताडमाड गडीही बायकोला घेऊन येतोय. मी स्वतः जाऊन त्याला बोलावून आलो. (मला बघून त्याने आधी खुर्ची लपवली.) तुमच्या कागदावर मात्र सही करू नका, निदान खाट आत टाकून बघितल्याशिवाय तरी. यानंतर आमचं काय होईल मला माहीत नाही. घर राहील की जाईल, की साहेब मोठ्या मनाने हसतील, काही सांगता येत नाही. भीतीने माझी पाचावर धारण बसलीय, अक्षर त्यामुळेच असं आलंय. पण वरचा सगळा मजकूर खोडायला वेळ नाही, तेव्हा तो वाचू नका.

शेवटचा ता. क. खाट लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्याने न्यावी लागेल आणि वळणं अवघड आहेत. तुमच्या गुडघ्याचं काय करायचं याचा मी विचार केलाय. मी खाली फाटकाशी उभा असेन. डोक्याकडची बाजू तुम्ही नुसती धरा, पायाकडची मी उचलतो. पायांचं मला कळतं.